भाड्याच्या जागांचा इतिहास कसा जपायचा?

वास्तुकलेच्या शेवटच्या वर्षात शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न आहे: "न्यूयॉर्कमध्ये समलिंगी आणि पारलिंगी लोकांच्या इतिहासाशी जोडलेल्या इमारतींना वारसा-दर्जा मिळतो. त्यातल्या बऱ्याच इमारती दिसायला अगदी साध्या आहेत. मग तिथे नेमकं जपतात काय? मुंबईवर असा प्रबंध करायचा तर सुरुवात कुठून करू? माझे गाइड म्हणतात, हा विषय वास्तुकलेचा नाही, समाजशास्त्राचा आहे."

गाइडच्या म्हणण्यापासून सुरुवात करते, कारण त्याचं उत्तर सगळ्यात सोपं आहे. न्यूयॉर्कमधल्या या कामाची एक महत्त्वाची मुळी विद्यार्थ्याच्या प्रबंधातच आहे. १९९३ मध्ये केन लस्टबेडर याने कोलंबिया विद्यापीठाच्या वारसा-संवर्धन विभागात ग्रेनिच व्हिलेजमधल्या समलिंगी इतिहासाच्या जागांवर प्रबंध लिहिला. पुढच्याच वर्षी, १९९४ मध्ये, समलिंगी वास्तुविशारद आणि डिझायनर यांच्या एका संघटनेने शहरातल्या अशा जागांचा नकाशा छापला. २०१५ मध्ये लस्टबेडर, कोलंबियातले प्राध्यापक अँड्र्यू डोलकार्ट आणि शहराच्या वारसा आयोगात अनेक वर्षं संशोधन केलेले जे शॉकली या तिघांनी मिळून 'एनवायसी एलजीबीटी हिस्टॉरिक साइट्स प्रोजेक्ट' सुरू केला. एलजीबीटी म्हणजे समलिंगी, उभयलिंगी आणि पारलिंगी लोक. आज त्यांच्या नकाशावर शहराच्या पाचही विभागांतल्या शेकडो जागा आहेत. तिघेही वारसा-संवर्धनातले. तेव्हा गाइडना एवढं सांगा की हा विषय आपल्या शाखेतच वाढलेला आहे.

आता मूळ प्रश्न. मी जवळजवळ पंचवीस वर्षं जुन्या इमारतींच्या नोंदी करते आहे: वाडे, चाळी, गिरण्या, सिनेमागृहं. या सगळ्यांत एक सोय असते. मालकाचं नाव कुठेतरी लिहिलेलं सापडतं. वाडा कोणी बांधला, गिरणी कोणी काढली, ते दगडावर नाहीतर दस्तात मिळतं. तुम्ही निवडलेल्या विषयात ही सोय जवळपास नाही. समलिंगी लोकांचा शहरातला इतिहास बहुतेक भाड्याच्या, उसन्या, कोणाच्या तरी मेहरबानीवर मिळालेल्या जागांत घडला. दुसऱ्याचा बार, मित्राची खोली, महापालिकेने रिकामी टाकलेली इमारत, शनिवारपुरता मिळालेला हॉल. मालकाच्या कागदांत या लोकांचं नाव येत नाही, आणि बरेचदा त्यांनाही ते यायला नको होतं. या कामातल्या बहुतेक अडचणी इथूनच सुरू होतात.

न्यूयॉर्कमधल्या स्टोनवॉल इन या बारचंच बघा. क्रिस्टोफर स्ट्रीटवरचे ५१ आणि ५३ क्रमांक म्हणजे मुळात एकोणिसाव्या शतकातले दोन तबेले. १९३० मध्ये त्यांना एकच दर्शनी भिंत देऊन तिथे खाणावळ काढली. १९६७ मध्ये माफियाच्या पैशावर तिथे समलिंगी लोकांचा बार सुरू झाला. दारूचा रीतसर परवाना नव्हता. २८ जून १९६९ च्या पहाटे पोलिसांचा छापा पडला, आणि नेहमीप्रमाणे मान खाली घालून निघून जाण्याऐवजी लोक थांबले, उलटले. पुढचे काही दिवस ती गल्ली धुमसत राहिली. बार मात्र त्यानंतर काही महिन्यांतच बंद पडला. मग त्या जागेत बेगल विकले गेले, चायनीज रेस्टॉरंट झालं, आणखी काय काय झालं. १९८९ मध्ये दर्शनी भिंतीवरची जुनी उभी पाटीही उतरली. आज तिथे जो बार आहे तो नंतरचा. १९६९ ची आतली सजावट शिल्लक नाही.

मग जपलं काय? विटांची ती भिंत, दारं-खिडक्यांच्या जागा, समोरचं छोटं त्रिकोणी उद्यान आणि आजूबाजूच्या वाकड्यातिकड्या गल्ल्यांची रचना. दंगल त्या गल्ल्यांमुळेच तशी घडली. पोलिसांनी एका तोंडाने लोकांना हुसकावलं की ते फिरून दुसऱ्या तोंडाने पुन्हा पुढे येत. म्हणून २०१६ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामांनी राष्ट्रीय स्मारक जाहीर केलं तेव्हा त्याच्या सीमेत बार, उद्यान आणि भोवतालचे रस्ते असा सुमारे ७.७ एकरांचा भाग घेतला. इथे रस्त्यांचा आराखडा हाच पुरावा आहे, आणि तो वाचायला वास्तुकलेचा विद्यार्थीच लागतो. गाइडना हेही सांगा.

ही इमारत १९६९ नंतर टिकली कशी, तेही ऐकण्यासारखं आहे. न्यूयॉर्कचा वारसा कायदा १९६५ चा. पेनसिल्व्हेनिया स्टेशनसारखी भव्य वास्तू १९६३ पासून डोळ्यांदेखत पाडली गेली, त्या धक्क्यातून तो आला. त्याखाली २९ एप्रिल १९६९ रोजी संपूर्ण ग्रेनिच व्हिलेज ऐतिहासिक परिसर म्हणून जाहीर झाला, म्हणजे उठावाच्या जेमतेम दोन महिने आधी. स्टोनवॉलला संरक्षण मिळालं ते शेजारच्या सुंदर घरांच्या पुण्याईने. तिच्या स्वतःच्या इतिहासासाठी शहराने तिला वेगळा दर्जा दिला तो जून २०१५ मध्ये. मधली ४६ वर्षं ती योगायोगाने उभी राहिली. ज्या इमारती सुंदर परिसरात नव्हत्या त्यांना हा योगायोग लाभला नाही.

१८६, स्प्रिंग स्ट्रीट हे १८२० च्या दशकातलं घर त्यातलंच. सत्तरच्या दशकात समलिंगी हक्कांच्या चळवळीतले काही बिनीचे कार्यकर्ते तिथे एकत्र राहत. १९७३ च्या नॅशनल गे टास्क फोर्सच्या संस्थापकांपैकी ब्रूस व्हॉलर त्यांत होते. घर वाचवावं म्हणून अभ्यासकांनी शहराकडे अर्ज केले, कागद दिले. दर्जा मिळाला नाही आणि २०१२ मध्ये घर पाडलं गेलं. मी विद्यार्थ्यांना हे उदाहरण नेहमी देते, कारण हे काम हरतं कसं ते त्यात दिसतं. घर विकलं गेल्यावर पुरावे गोळा करायला लागलात तर बिल्डरचा वेग तुमच्यापेक्षा नेहमीच जास्त असतो.

म्हणून लस्टबेडर, डोलकार्ट आणि शॉकली यांनी २०१५ मध्ये आधी सर्वेक्षण हाती घेतलं. त्यासाठी त्यांना अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेचं अनुदान होतं. दुर्लक्षित समाजांच्या वारशासाठी ते अनुदान ठेवलेलं असतं. तोवर अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत ९० हजारांवर स्थळं होती, आणि त्यांत समलिंगी इतिहासासाठी नोंदलेली बोटांवर मोजण्याइतकी. अमुक इमारत धोक्यात आहे, चला वाचवू, अशी त्यांची सुरुवात नव्हती. आधी पत्ते गोळा केले. पत्त्याशी घटना जोडली, घटनेला पुरावा जोडला आणि मग दर्जासाठी मागणी केली.

पुरावा आणला कुठून? इथे शिकण्यासारखं खूप आहे. १९३९ ते १९४१ दरम्यान न्यूयॉर्कच्या कर खात्याने शहरातल्या जवळजवळ प्रत्येक इमारतीचा फोटो काढून ठेवला होता. कर आकारणीसाठी काढलेले ते फोटो आज शहराच्या अभिलेखागारात सगळ्यांना बघता येतात. दारूच्या परवान्यांचे कागद, छाप्यांच्या बातम्या, जुन्या निर्देशिका, समलिंगी नियतकालिकांतल्या बारीक टाइपातल्या जाहिराती. सरकारने ज्यांच्यावर पाळत ठेवली त्यांचा पत्ता सरकारच्याच दप्तरात सापडतो. त्रास देण्यासाठी केलेली नोंद आज जपण्यासाठी कामी येते, आणि ते बघताना मला दर वेळी गलबलून येतं.

ज्युलियस या बारची हकीकत पुराव्याच्या दृष्टीने सगळ्यात पक्की. एप्रिल १९६६ मध्ये समलिंगी हक्कांसाठी काम करणाऱ्या मॅटाशिन सोसायटीचे डिक लीच आणि त्यांचे साथीदार पत्रकारांना बरोबर घेऊन निघाले. समलिंगी गिऱ्हाइकांना दारू दिली तर बारचा परवाना धोक्यात येई. तेव्हा आम्ही समलिंगी आहोत असं आधी सांगायचं आणि मग पेय मागायचं, असा त्यांचा बेत होता. एक-दोन ठिकाणी बेत फसला. ज्युलियसमध्ये बारटेंडरने ग्लासवर हात ठेवला आणि छायाचित्रकार फ्रेड मॅकडाराच्या कॅमेऱ्याने तो हात टिपला. एका फोटोत तारीख, जागा, माणसं आणि नकार, सगळं आलं. २०१६ मध्ये बार राष्ट्रीय नोंदवहीत गेला, पण शहराचा दर्जा मिळायला डिसेंबर २०२२ उजाडलं. इतका पक्का पुरावा असूनही ५६ वर्षं.

या दोन दर्जांतला फरक नीट समजून घ्या, विद्यार्थी तिथे हमखास गोंधळतात. राष्ट्रीय नोंदवही म्हणजे मुख्यतः मान. खासगी मालकाने स्वतःच्या पैशाने इमारत पाडायची ठरवली तर नोंदवही त्याला अडवत नाही. अडवतो तो शहराचा दर्जा. आयोगाच्या परवानगीशिवाय बाहेरून बदल करता येत नाहीत, पाडता येत नाही. वयाची अटही वेगळी आहे. शहराला ३० वर्षं पुरतात, राष्ट्रीय नोंदवहीसाठी साधारण ५० लागतात. १९९९ मध्ये स्टोनवॉल नोंदवहीत गेलं तेव्हा घटनेला तीसच वर्षं झाली होती, असाधारण महत्त्वाचा अपवाद करून घ्यावा लागला.

आणि शहराचा दर्जा मिळाला तरी आत काय चालतं त्याला संरक्षण नसतं. जून २०१९ मध्ये, उठावाच्या पन्नाशीला, आयोगाने एकाच दिवशी सहा जागांना दर्जा दिला. लेखक जेम्स बाल्डविनचं घर, स्टेटन आयलंडवरचं कवयित्री ऑड्री लॉर्डचं घर, कॅफे चिनो हे छोटं नाट्यगृह, वूस्टर स्ट्रीटवरचं जुनं अग्निशमन केंद्र, स्त्रीमुक्ती केंद्र आणि तेराव्या रस्त्यावरचं एलजीबीटी कम्युनिटी सेंटर. कॅफे चिनो १९६८ मध्येच बंद पडला होता. वूस्टर स्ट्रीटचं केंद्र गे अॅक्टिव्हिस्ट्स अलायन्सने १९७१ मध्ये भाड्याने घेतलं, १९७४ मध्ये तिथे आग लावली गेली आणि संघटनेला जागा सोडावी लागली. स्त्रीमुक्ती केंद्रही महापालिकेच्या जुन्या अग्निशमन केंद्रात भाड्याने होतं, १९८७ पर्यंत. या सहांतल्या एकाच जागेत ज्या लोकांमुळे तिला दर्जा मिळाला ते लोक आजही नांदतात: कम्युनिटी सेंटर. कारण साधं आहे. १९८३ च्या शेवटी त्यांनी ती जुनी शाळेची इमारत शहराकडून १५ लाख डॉलरला विकत घ्यायचं ठरवलं आणि ती घेतली. तसंच ब्रुकलिनच्या लेस्बियन हरस्टोरी आर्काइव्हजचं. १९७४ मध्ये जोन नेसलच्या घरातल्या खोलीत सुरू झालेला, समलिंगी स्त्रियांच्या इतिहासाचा हा संग्रह नव्वदच्या दशकात वर्गणीतून घेतलेल्या स्वतःच्या घरात गेला, आणि २०२२ मध्ये त्या घराला शहराचा दर्जा मिळाला. तिथे घर, माणसं आणि कागद तिन्ही एका छपराखाली आहेत. मला स्वतःला या सगळ्या यादीत हे घर सगळ्यात मोलाचं वाटतं, स्टोनवॉलपेक्षाही.

ज्यांच्याकडे विकत घ्यायला पैसे नव्हते त्यांचं काय झालं ते मार्शा पी. जॉनसन आणि सिल्व्हिया रिव्हेरा या पारलिंगी कार्यकर्त्यांकडे बघून कळतं. रस्त्यावर राहणाऱ्या पारलिंगी मुलांसाठी त्यांनी ईस्ट व्हिलेजमध्ये स्टार हाउस हे आसरा देणारं घर चालवलं. १९७१ मध्ये त्यांना तिथून काढण्यात आलं. समाजातल्या सगळ्यात गरिबांच्या जागा सगळ्यात आधी पुसल्या जातात. तुमच्या मुंबईच्या यादीत इंग्रजी बोलणाऱ्यांचे पबच तेवढे दिसले तर यादी अपुरी आहे असं समजा.

लंडनने वापराच्या प्रश्नाला थोडं वेगळ्या बाजूने हात घातला. तिथल्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या अभ्यासात २००६ मध्ये १२५ असलेली एलजीबीटी ठिकाणं २०१७ पर्यंत ५३ वर आलेली दिसली. जागांची भाडी आणि पुनर्विकास हीच त्यातली मोठी कारणं. रॉयल व्हॉक्सहॉल टॅव्हर्न विकली गेल्यावर गिऱ्हाइकांनीच मोहीम उभारली आणि २०१५ मध्ये तिला राष्ट्रीय यादीत ग्रेड दोनचा दर्जा मिळवला. ब्रिटनमध्ये समलिंगी इतिहासासाठी असा दर्जा मिळालेली ती पहिली इमारत. जॉइनर्स आर्म्स या बंद पडलेल्या पबच्या जागी नवी इमारत येणार होती, तेव्हा स्थानिक प्रशासनाने २०१७ मध्ये बांधकाम परवानगीतच अट घातली की तिथे एलजीबीटी लोकांसाठी पबची जागा असावी. पुनर्विकासाच्या परवान्यात वापराची अट. मुंबईसाठी ही कल्पना नीट अभ्यासा.

मुंबईकडे येते. आपल्याकडे कायद्याची वाण नाही. १९९५ ची मुंबईची वारसा नियमावली देशात पहिली. तिच्या निकषांत वास्तुशैली आहे तशीच सामाजिक आणि आर्थिक इतिहासाशी असलेली जवळीकही आहे, नामवंत व्यक्तींशी किंवा घटनांशी असलेला संबंधही आहे. म्हणजे दार उघडं आहे. त्या दारातून समलिंगी इतिहास घेऊन जायचं तर हातात कागद हवा.

सुरुवात उघड, सार्वजनिक जागांपासून करा. १६ ऑगस्ट २००८ ला एलजीबीटी लोकांच्या 'क्वीअर आझादी मुंबई'चा पहिला मोर्चा ऑगस्ट क्रांती मैदानातून गिरगाव चौपाटीकडे निघाला. स्वातंत्र्यदिनाच्या दुसऱ्या दिवशी, 'छोडो भारत'च्या मैदानातून. समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारं ३७७ कलम इंग्रजांनी दिलेलं, म्हणून त्यांनी माफी मागावी अशीही मागणी त्या मोर्चात होती. या मैदानाला वारसा म्हणून नवं काही मिळवायची गरज नाही, १९४२ मुळे ते आहेच. तिथे एक पान वाढवायचं आहे. न्यूयॉर्कमध्ये स्टेटन आयलंडवरच्या अॅलिस ऑस्टेन या छायाचित्रकार बाईंच्या घराचं असंच केलं. घर १९९३ पासून राष्ट्रीय वारसास्थळ होतं. जोडीदार गर्ट्रूड टेट यांच्याबरोबरचं त्यांचं पन्नासहून अधिक वर्षांचं सहजीवन मात्र अधिकृत नोंदीत २०१७ मध्ये आलं. लिबर्टी सिनेमाचंही तसंच करता येईल. आर्ट डेकोसाठी आपण सगळे त्याच्यावर जीव टाकतो. २०१० मध्ये सुरू झालेल्या 'कशिश' या एलजीबीटी चित्रपट महोत्सवाचं ते अनेक वर्षं मुख्य घर होतं, हे त्याच्या नोंदीत का नसावं?

मग कार्यालयं. १९९० मध्ये अशोक राव कवी यांनी 'बॉम्बे दोस्त' हे समलिंगी लोकांचं नियतकालिक सुरू केलं, १९९४ मध्ये हमसफर ट्रस्ट उभा राहिला आणि वाकोल्यात महापालिकेच्या इमारतीत त्याला जागा मिळाली. ३७७ कलम लागू असताना महापालिकेच्या छपराखाली समलिंगी पुरुषांची संस्था चालत होती. त्या इमारतीकडे दुसऱ्यांदा कोणी बघणार नाही, पण माझ्या यादीत ती वर असेल. पुण्यात २००२ मध्ये बिंदुमाधव खिरे यांनी एलजीबीटी लोकांसाठी समपथिक ट्रस्ट स्थापन केला. मराठीतून बोलणाऱ्यांसाठी तिथल्या पत्त्यांचं मोल वेगळं आहे.

पबांत कुलाब्याच्या आर्थर बंदर रोडवरचा व्हूडू येईलच. नव्वदच्या दशकात तिथल्या समलिंगी लोकांच्या शनिवार रात्री प्रसिद्ध होत्या. त्याच जागी आधी स्लिप डिस्क हा डिस्को होता आणि १९७२ मध्ये लेड झेपलिन या रॉक बँडमधले दोघे तिथे वाजवून गेले होते. एकाच तळमजल्यावर दोन इतिहास. एक संगीतवाले अभिमानाने सांगतात, दुसरा मात्र दबक्या आवाजातच ऐकू येतो.

सगळ्यात अवघड भाग तृतीयपंथीयांच्या घरांचा. गुरूचं घर, त्यातले चेले, वारसाहक्काच्या त्यांच्या स्वतःच्या रीती हे सगळं पिढ्यान्‌पिढ्यांचं आहे आणि बहुतांश पागडीच्या किंवा झोपडपट्टीच्या खोल्यांत आहे. कामाठीपुऱ्यासारख्या भागाच्या समूह पुनर्विकासात पात्रता ठरते ती भाडेपावती आणि कुटुंबाच्या कागदांवर. गुरु-चेल्याचं नातं तिथे कुठल्या रकान्यात बसवणार? या घरांच्या नोंदीत भिंतींबरोबर कोण कोणाच्या मागे राहिलं हे लिहून ठेवणं हाच संवर्धनाचा भाग आहे, उद्या त्याचा पात्रतेसाठीही उपयोग होऊ शकतो. आणि या समाजाने आपला वारसा स्वतः जपल्याचं उदाहरण देशातच आहे. दिल्लीत मेहरौलीला लोदी काळातली 'हिजड्यांची खानकाह' आहे, पांढऱ्या कबरींचं एक शांत आवार. तुर्कमान गेटजवळचे हिजडे ती सांभाळत आले आहेत.

आता एक ताकीद, आणि ही अजिबात हलक्याने घेऊ नका. काही जागा नकाशावर टाकायच्याच नसतात. लोक जिथे आजही एकमेकांना शोधायला जातात, ते कोपरे छापले की पहिला वाचक खंडणीखोर असतो. ३७७ कलमाचा दंश ६ सप्टेंबर २०१८ ला गेला, पण धमकावून पैसे उकळणारे गेले नाहीत. मी मुलाखतीत तीन गोष्टी वेगवेगळ्या विचारते: हे लिहू का, नावासकट लिहू का, पत्त्यासकट लिहू का. गिरगावातल्या एका सत्तरीच्या गृहस्थांनी मला पहिल्या दोन्हींना हो म्हटलं आणि तिसऱ्याला नाही. म्हणाले, "माझं काय व्हायचं ते होऊन गेलं. पण त्या खोलीत आता माझा पुतण्या राहतो." तो पत्ता माझ्या वहीत आहे आणि वहीतच राहील.

राज्यकर्त्यांवर विसंबू नका हेही न्यूयॉर्कनेच शिकवलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये राष्ट्रीय उद्यान सेवेच्या स्टोनवॉलवरच्या संकेतस्थळावरून पारलिंगी लोकांचा उल्लेख काढून टाकला गेला. भिंत तीच, उद्यान तेच, पण त्या रात्री तिथे असलेली माणसं सरकारी मजकुरातून गाळली. लस्टबेडर आणि मंडळींच्या प्रकल्पाचा मजकूर मात्र स्वतंत्र असल्याने जागच्या जागी राहिला. तेव्हा तुम्ही जे गोळा कराल त्याची एक प्रत सरकारबाहेर ठेवा. बंगळुरूच्या राष्ट्रीय विधि विद्यापीठात 'कमरा' (QAMRA) हे क्वीअर अभिलेखागार आहे, त्यांच्याशी बोला.

आणि कागदांची घाई करा. दादरच्या एका माणसाकडे नव्वदच्या दशकातल्या अंकांनी, पत्रांनी आणि कार्यक्रमांच्या पत्रिकांनी भरलेली लोखंडी ट्रंक होती. मी ती एकदाच उघडून बघितली होती, यादी पुढच्या महिन्यात करू असं ठरलं होतं. ते गेले. मी भेटायला गेले तेव्हा तेरावं होऊन आठवडा झाला होता आणि ट्रंक रिकामी करून गच्चीवर ठेवलेली होती. कागद रद्दीत गेले होते. घरच्यांचा दोष नव्हता, त्यांना ते काय आहे हे कोणी सांगितलंच नव्हतं. सांगायचं मी राहून गेले. तेव्हापासून मी पहिल्या भेटीतच फोनवर प्रत्येक पानाचा फोटो काढते, चहा नंतर घेते.

प्रबंधासाठी दहा पत्ते पुरेत. प्रत्येकासाठी चार गोष्टी जमवा: जागेचा आजचा नकाशा मोजून काढलेला, त्या वर्षीचा भाडेकरू किंवा परवानाधारक कोण होता त्याचा कागद, त्या काळच्या नियतकालिकातली जाहिरात किंवा बातमी, आणि तिथे प्रत्यक्ष गेलेल्या दोन माणसांच्या आठवणी, दोघांची एकमेकांशी गाठ न घालता घेतलेल्या. दहापैकी किमान तीन पत्ते स्त्रियांचे आणि तीन तृतीयपंथीयांचे असू द्या. ते शोधायला जास्त वेळ लागेल, म्हणून त्यांच्यापासूनच सुरुवात करा. मोर्चाचे मार्ग आणि पब शेवटच्या महिन्यातही सापडतील.